नकाशा नको, डेटाबेस द्या

एका घराची दोन ड्रॉइंग्ज काढली की घोळाची सोय झालीच. प्लॅनमध्ये भिंत नऊ इंचांवरून सहा केली, सेक्शनमध्ये करायची राहिली. आता साइटवरच्या गवंड्याने खरं काय मानायचं? एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की ती कधी ना कधी जुळेनाशी होते, हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांना नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळतं.

चार्ल्स ईस्टमन यांनी हे १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं. शिक्षणाने ते आर्किटेक्ट. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी 'बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम' नावाचा प्रोग्राम बनवला. त्यात रेघा साठवायच्याच नाहीत. भिंत, तुळई, दार अशा वस्तू साठवायच्या. प्लॅन हवा, सेक्शन हवा, मालाची यादी हवी? सगळं त्या एकाच साठ्यातून काढायचं. भिंत एकदा बदलली की सगळीकडे बदलली. आज आपण ज्याला 'बिम' म्हणतो, त्याचा गाभा हाच. फक्त तेव्हा तो विद्यापीठातल्या महागड्या संगणकावरच चालायचा.

१९८२ साली दोन वाटा फुटल्या. ऑटोडेस्कने साध्या पीसीवर चालणारं ऑटोकॅड आणलं. ते म्हणजे विजेवर चालणारा ड्रॉइंग बोर्ड. दोन समांतर रेघा मिळून भिंत होते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये गाबोर बोयार यांनी ग्राफिसॉफ्ट सुरू केली. पाश्चात्त्य देशांचे चांगले संगणक साम्यवादी हंगेरीला विकायला बंदी असताना या मंडळींनी अ‍ॅपलच्या लिसावर इमारतीचं थ्रीडी मॉडेल उभं केलं. तेच पुढचं आर्किकॅड. पण जग शिकलं ते ऑटोकॅड. स्वस्त होतं, आणि रेघा ओढायची सवय हाताला होतीच.

वस्तूंच्या मॉडेलचं महत्त्व ऑटोडेस्कलाही पटलं. २००२ साली त्यांनी रेव्हिट बनवणारी कंपनी १३.३ कोटी डॉलरला विकत घेतली. माहिती एकाच जागी ठेवायची, हे ईस्टमन यांचं म्हणणं आता जगभरच्या ऑफिसांत पोचलं. पण ती जागा कोणाची?

गंमत म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांचं मॉडेल वाचता यावं म्हणून १९९४ साली कंपन्यांना एकत्र आणणारी ऑटोडेस्कच होती. त्यातून आयएफसी हा खुला फॉरमॅट आला. तरी रेव्हिटमधून आयएफसीत नेलेलं मॉडेल बघायला ठीक. दुसरीकडे उघडून त्यावर काम पुढे न्यायचं तर बरंच काही हरवतं.

२०२० च्या जुलैत झाहा हदीद आर्किटेक्ट्ससह अनेक आर्किटेक्ट फर्म्सनी ऑटोडेस्कला खुलं पत्र लिहिलं: किमती वाढताहेत, रेव्हिट मात्र जागच्या जागी आहे. मग सोडून का देत नाहीत? कारण वर्षानुवर्षांची मॉडेलं त्यातच आहेत. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडतही नाही. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते. रेव्हिटची नवी आवृत्ती दरवर्षी येते.