पेटीच्या झाकणावरची यादी: शिपाई घरून निघतो तेव्हा

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, अडखळलो तेवढं काढलंय.)

आजचा भाग मी घरूनच रेकॉर्ड करतोय, छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून. मध्येच भाजीवाल्याचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या.

विषय सुचला तो आमच्याच गल्लीत. शेजारचा पोरगा गेली दोन वर्षं पहाटे उठून गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे पळायला जायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. तर तो लागला. अग्निवीर म्हणून. ट्रेनिंगला बेळगाव. पेढे वाटून झाले, चौकात बॅनर लागला, स्टेटसला फोटो पडले. आणि मग एका संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात आली. म्हणाली, "तू ते इतिहासाचं वाचतोस ना रे, मग सांग बरं, तिथं फोन करू देतात का? आणि पगार माझ्या खात्यात येतो का त्याच्या? आणि आमच्याकडं नळाला पाणी आलं की टाकीत चढवायचं कोणी?"

मी गप्प. कारण बॅनरवर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

म्हणून आज लढायांचा इतिहास नाही. शिपाई घरून निघतो तेव्हा मागे राहणाऱ्या घराची तयारी कशी व्हायची, तिला कोणी मदत केली, आणि ती आपण आज कशी करायची, हे बघूया.

दसरा ते पावसाळा

सुरुवात शिवकाळापासून करू. सभासदाच्या बखरीत लष्कराचं वर्षाचं वेळापत्रक आहे. पावसाळ्यात फौज छावणीत. दसऱ्याला छावणीतून निघायचं, मग आठ महिने बाहेर, मुलूखगिरीवर. लष्करात बायकामुलांना बंदी. आपण दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून सोनं वाटतो ना? कित्येक घरांसाठी तो निरोपाचा मोसम होता.

त्याच बखरीत एक बारकावा आहे. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळ काय काय चीजवस्तू आहे त्याची यादी करायची. परत आल्यावर त्याच यादीशी ताडून बघायचं. आता हे काही घरच्यांच्या काळजीपोटी नव्हतं हं. हिशेब लुटीचा होता, कोणी जास्तीचं लपवलं का ते बघायला. पण पद्धत लक्षात ठेवा: यादी दोनदा बघायची. जाताना एकदा, येताना एकदा. शेवटी आपण इथे परत येणार आहोत.

दुसरी नोंद प्रतापगडच्या लढाईनंतरची आहे. जे पडले त्यांच्या मुलांना महाराजांनी चालवलं, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं, असं सभासद सांगतो. म्हणजे शिपायामागे एक चूल असते, तिचा बंदोबस्त हा राज्यकारभाराचाच भाग आहे, ही समज आपल्याकडे साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

पहिली गरज: पैसा

पुढे इंग्रज आले. मुंबई इलाख्याच्या पलटणीत कोकणातले, देशावरचे लोक भरती होऊ लागले. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण १७६८ ची. आता नोकरी वर्षानुवर्षांची झाली आणि बदली कुठेही.

विचार करा, नवरा पुण्याला किंवा त्याहून लांब, आणि बायको रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत. पगार घरी पोचणार कसा? रजेवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. १८८० साली पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली आणि ही अडचण मोठ्या प्रमाणात सुटली. पोस्टमन दारात आला की तो पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा, आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. पैसा आणि खुशाली एकाच कागदावर!

सगळीच कुटुंबं मागे राहायची असं मात्र नाही. काही जण घरच्यांना छावणीत सोबत नेत. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. तिथेच १४ एप्रिल १८९१ ला त्यांच्या घरी चौदावं अपत्य जन्मलं. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गावात ज्या घरांना शाळेचा उंबरठा बंद होता, त्यांच्या मुलामुलींना पलटणीत अक्षरओळख मिळत होती. कुटुंब सोबत की मागे, या एका गोष्टीने पुढच्या पिढीचं आयुष्य कसं बदलतं, त्याचं याहून मोठं उदाहरण कुठलं द्यायचं?

ट्रेनिंगचं मात्र तेव्हाही आणि आताही एकच. तिथे रंगरूट एकटाच जातो.

दुसरी गरज: खबर

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव, ज्याला आज सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धातून परतलेच नाहीत. एका गावातले ४६!

मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कूत-अल-अमारा या गावात तुर्की वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळपास पाच महिने. उपासमार इतकी की घोडे मारून खायची वेळ आली. शेवटी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले आणि कैदेत पडले. आता घाटावरच्या नाहीतर कोकणातल्या एखाद्या आईचा विचार करा. पत्र येणं थांबलंय. का थांबलंय ते कोणी सांगत नाही. तुमचा मेसेज दोन तास ब्लू टिक झाला नाही तरी जीव खालीवर होतो.

जी पत्रं यायची त्यातही अडचण होती. बरेच शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचे, म्हणजे मनातलं सगळं सांगता यायचं नाही. वर सेन्सॉर. फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं उघडून वाचायला वेगळं खातंच होतं. त्यातूनही लोक वाट काढायचे. एका पत्रात काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरायला लागलेत, अशा अर्थाचा मजकूर होता. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरने ते ओळखलं, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे.

स्वातंत्र्यानंतर घरोघरी पाठ झाले ते दोन पत्ते: ५६ एपीओ आणि ९९ एपीओ. गावाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. फक्त आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि हा आकडा. पोरगा नेमका कुठे आहे ते पोस्टमनलाही कळत नाही, पण पत्र पोचतं. पुढे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरायचे म्हणून लोक तेव्हा रांगेत उभे राहायचे.

आणि ट्रेनिंगमध्ये आजही सहसा फोन जवळ ठेवू देत नाहीत. ठरलेल्या वेळी, थोडा वेळ. म्हणजे रात्रंदिवस व्हॉट्सअॅपवर असलेलं पोरगं एकदम शांत होतं. काही बिघडलंय म्हणून नव्हे, नियमच तसा आहे. हे घरच्यांना आधी माहीत असलं तर पहिले पंधरा दिवस रडारडीत जात नाहीत.

तिसरी गरज: कागद

ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची.

शिपाई लांब गेला की गावात काय होतं? भाऊबंदकी. बांध सरकतो. कोणीतरी कोर्टात दावा लावतं. नोटीस घरी येते, माणूस सीमेवर, आणि निकाल एकतर्फी. हे इतकं व्हायला लागलं की महायुद्धाच्या काळात शिपायांसाठी खास कायदा करावा लागला, आणि १९२५ मध्ये तो नव्याने बांधून आला. नाव इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट. युद्धावर किंवा तशा खास परिस्थितीत असलेल्या शिपायावर दावा चालू असेल तर कोर्टाने तो थांबवून ठेवायचा, त्याच्या पाठीमागे निकाल लावायचा नाही. विशेष म्हणजे त्याची बाजू कोर्टाला कळवायचा अधिकार कलेक्टरला दिला.

त्याच सुमारास, १९१९ मध्ये, इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचंच पुढचं रूप. त्या साखळीचं आपल्या जवळचं टोक म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. आपल्या शहरातही आहे. बऱ्याच जणांना वाटतं की ते फक्त माजी सैनिकांसाठी. नाही. सेवेत असलेल्या जवानाच्या घरच्यांना अडचण आली, जमिनीची असो की कोणी त्रास देण्याची, तरी त्यांनी तिथेच जायचं असतं.

आणखी एक गोष्ट. फौजेत लग्न झालं, मूल झालं, तर युनिटमध्ये त्याची नोंद करावी लागते. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती राहिली तर कागदोपत्री तुम्ही त्याचं कुटुंबच नाही. पेन्शनच्या वेळी, किंवा त्याहून वाईट वेळी, एका नोंदीसाठी बायका वर्षानुवर्षं खेटे घालतात. नावातला काना-मात्रा आधारवर वेगळा आणि सर्व्हिस रेकॉर्डवर वेगळा, एवढंही पुरतं.

आपल्या शहरातली रंगीत तालीम

घरापासून लांब राहायची सवय आधीच लावायची, हा प्रयोग आपल्या शहरातच होतो. १९७७ मध्ये राज्य सरकारने इथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. आपण तिला एसपीआय म्हणतो. दहावी झालेली मुलं राज्यभरातून येतात, दोन वर्षं राहून अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करतात. पुढे खडकवासल्याला तीन वर्षं आणि मग डेहराडूनसारख्या अकादमीत. सोळाव्या वर्षी घर सोडलेलं पोरगं, आणि त्याच्यासोबत सवय होत गेलेले आईवडील. आता मुलींच्या घरांनाही ही तयारी करावी लागते. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली, १७ जणी.

अग्निवीराच्या घराला हा सराव मिळत नाही. भरती, मेडिकल, कॉल लेटर, आणि थेट पेटी. ट्रेनिंग साधारण सहा-सात महिन्यांचं, नोकरी एकूण चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, त्यातले ९ हजार सेवा निधीत कापले जातात, हातात २१ हजार. ४८ लाखांचा विमा. चार वर्षांनी सेवा निधीचे, २०२२ च्या घोषणेप्रमाणे, सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही. आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. योजना बरी की वाईट यावर आपण इथे भांडायला नको. पण आकडा सरळ सांगतो: चारातले तीन जण घरी परत येणार. बहुतेक पंचविशीच्या आतच.

इथे मला ती बखरीतली यादी आठवते. जाताना एकदा, येताना एकदा. आपण मात्र फक्त निरोपाचीच तयारी करतो. ढोल, हार, बॅनर. तो परत येईल तेव्हा काय, हा हिशेब कोणी मांडत नाही.

मग आम्ही काय केलं

काकूंच्या घरी बसलो तिघं, मी, काकू आणि तो. एक दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर त्याचा पत्ता कसा लिहायचा ते. नंबर मिळाला की भरायला जागा सोडली. दुसऱ्या पानावर खातं, नॉमिनी कोण, विम्याचे कागद कुठे ठेवणार. आधार, मार्कशीट, बँक पासबुक, सगळीकडे आईचं नाव एकसारखं आहे का ते बघितलं. नव्हतं. एकीकडे मधलं नावच गायब. तो आठवडा दुरुस्तीत गेला, पण तो गावात होता म्हणून झालं. तिसऱ्या पानावर सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता. चौथ्यावर त्यानेच लिहिलं: दर महिन्याला इतके घरात, इतके माझ्या पुढच्या शिक्षणाला, हात लावायचा नाही.

आणि पाण्याचं? ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी मोटर लावायची जबाबदारी माझ्यावर आली. इतिहास वाचण्याचे हे परिणाम!

निघायच्या आदल्या रात्री त्याने काळ्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला. बनियन किती, साबण किती, कुलूप-किल्ली, सगळं लिहिलेलं. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं रे? म्हणाला, "कोणी नाही. परत येताना मोजायला बरं."

काकूंना आता एकच हिशेब पडलाय. ट्रेनिंग संपलं की बेळगावला कसम परेड असते, आईवडिलांना बोलवतात, छातीवर गौरव पदक लावतात. त्यासाठी कुठली गाडी धरायची ते त्या आत्तापासून विचारतात. वहीचं पाचवं पान त्यासाठीच ठेवलंय.

तुमच्या गल्लीत कोणी निघालं असेल तर पेढे खा, बॅनरही लावा. पण त्याच्या आईजवळ बसून एक वही भरून द्या. अर्धा तास लागतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.