वारली चित्रकलेची निर्मितिप्रक्रिया

उत्तर कोकणातील वारली जमातीच्या विवाहप्रसंगीच्या भित्तिचित्रांची रचनापद्धती आणि विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून तीत घडून आलेले स्थित्यंतर. वारल्यांची वस्ती मुख्यत्वे पालघर जिल्ह्यात (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्याचा भाग) असून वसईच्या उत्तरेकडील डहाणू व तलासरी हे तालुके या कलेची प्रमुख क्षेत्रे होत.

परंपरागत चित्र हे स्वतंत्र कलावस्तू नसून विवाहविधीचे एक अंग होय. घरातील कुडाची भिंत प्रथम शेणाने व नंतर गेरूने सारवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात आणि टोक चेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेखाटन करतात. विवाहासाठी काढावयाच्या चौकोनास ‘लग्नचौक’ अशी संज्ञा आहे. त्याच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती असते व सभोवती झाडे, पशुपक्षी, सूर्य-चंद्र, नर्तक, शेतीची कामे इत्यादींची दाटी असते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव काढतात. टोकाशी जोडलेल्या दोन त्रिकोणांनी मानवी देह दर्शविला जातो. चौक काढण्याचा मान सुवासिनींचा असतो. विवाहविधी चालविणारी धवलेरी देवतांची गीते गाते. चित्र पुरे झाले, तरी विधीवाचून त्यास अर्थ नसतो.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. एक म्हणजे निर्मिती सामूहिक असते. अनेक हातांनी काढलेल्या चौकावर कोणाचेही नाव नसते. दुसरे म्हणजे चित्र टिकविण्याचा हेतू नसतो. धुराने व पावसाळी दमट हवेने ते पुसट होते, पुढील सारवणात नाहीसे होते आणि नव्या विवाहाच्या वेळी नव्याने काढले जाते. परंपरा टिकते ती चित्राच्या जतनाने नव्हे, तर त्याच्या पुनरावृत्तीने.

१९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी हे अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने या भागात आले. बिहारमधील मधुबनी चित्रकला कागदावर आणण्याच्या कार्यातही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या उत्तेजनाने भिंतीवरील आकृती कागदावर उतरू लागल्या. या नव्या वाटेचे अग्रणी म्हणजे जिव्या सोमा म्हसे (सु. १९३४–२०१८) हे होत. बालपणी मातृवियोगानंतर त्यांची वाचा खुंटली होती व ते धुळीत आकृती काढून मनोगत व्यक्त करीत, असे सांगितले जाते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांचे वास्तव्य होते. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला.

माध्यमाबरोबर निर्मितीची प्रक्रियाही बदलली. शेण वा गेरू यांनी सारवलेला कागद व कापड यांनी भिंतीची जागा घेतली. रेषा अधिक बारीक झाल्या. विवाहाचे निमित्त उरले नसल्याने विषयाची निवड चित्रकाराकडे आली. म्हसे यांनी मासेमारीचे जाळे, मुंग्यांच्या रांगा, तारपा नृत्याची वर्तुळे असे गतिमान विषय विशेष हाताळले. चित्रावर एका व्यक्तीची स्वाक्षरी आली. बाजारपेठेसाठीच्या निर्मितीत पुरुषांचे प्राबल्य वाढून, ज्या सुवासिनींकडे ही कला पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांची नावे मात्र बहुधा अज्ञातच राहिली.

पाश्चात्त्य समकालीन कलेशी या प्रक्रियेची तुलना उद्‌बोधक ठरते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे म्हसे व इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग (१९४५– ) यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग यांनी १९६७ मध्ये एका कुरणात पुनःपुन्हा चालून गवतावर सरळ रेषा उमटविली व तिचे छायाचित्र घेतले. रेषा नाहीशी झाली. कलाकृती म्हणून छायाचित्र उरले. क्षणभंगुर निर्मिती दोन्हींकडे आहे. तथापि लाँग यांच्या बाबतीत तिचे स्थैर्य कॅमेऱ्यावर, तर लग्नचौकाच्या बाबतीत ते पुढील पिढीच्या हातांवर अवलंबून असते. चौकाच्या छायाचित्राने त्याची रचना अभ्यासकास उपलब्ध होते. गीत, विधी व अनेक हातांचे सहकार्य त्यात येत नाही.

कागदावरील चित्रांमुळे वारली कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले व एका उपेक्षित जमातीची कला जगापुढे आली. त्याचबरोबर कापड, भांडी व जाहिराती यांवर तिच्या आकृतींची यांत्रिक नक्कलही वाढली. अशा नकलेत आकृती तशीच राहते. परंतु ती कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रसंगी काढली, हा मूळ संबंध तुटतो. वारली चित्राचे मूल्यमापन करताना केवळ आकृतिबंधाचा नव्हे, तर या संबंधाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.