वायद्याचा दिवस

मुंबई विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई मनोरा पाहिला नाहीं असा मुंबईकर विरळाच. १८७८ सालीं पुऱ्या झालेल्या या मनोऱ्यास शेट प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींचें नांव दिलें, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ज्या भरभराटींतून ही देणगी निघाली, तिच्याच ओहोटींत शहरांतील कित्येक घरांची जन्माची पुंजी वाहून गेली, ही हकीगत मात्र विस्मृतींत जात चालली आहे. म्हातारपणाच्या तरतुदीची ज्यांस काळजी आहे, त्यांनीं तरी ती एकदां नीट समजून घ्यावी.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेकडील आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टि साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. मुंबई बंदरांतून कापूस पूर्वीच्या कित्येक पट भावानें जाऊं लागला. या चार-पांच वर्षांत नेहमीच्या उत्पन्नाहून सात-आठ कोटि पौंड अधिक मुंबईस मिळाले, असा अंदाज सांगितला जातो.

ही संपत्ति खरी होती. तिला लावलेल्या वाटा मात्र खऱ्या नव्हत्या. बँका, पेढ्या आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या यांचें पीक आलें. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला; आणि ज्या जमिनीचा हा भाव, तिच्यावर अद्याप समुद्राच्या लाटा खेळत होत्या! बँक ऑफ बॉम्बे ही तर सरकारी भागभांडवल व सरकारनियुक्त संचालक असलेली संस्था. १८६३ च्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं, आणि तीही शेअरांच्या तारणावर सढळ हातानें कर्जें देऊं लागली. शेअर गहाण ठेवून पैसा काढावा, त्या पैशानें नवे शेअर घ्यावे, तेही गहाण टाकावे, असा क्रम सुरू झाला.

१८६५ च्या एप्रिलांत दक्षिणेच्या सेनापतीनें शरणागति पत्करली. ती बातमी मुंबईस पोंचतांच कापसाचा भाव कोसळला. पुष्कळ सौदे १ जुलै १८६५ या तारखेच्या वायद्यानें झालेले होते. तो दिवस उजाडला तेव्हां घेणारा घेऊं शकेना व देणाऱ्यास पैसे मिळेनात. एकाचें दिवाळें दुसऱ्यास घेऊन बुडालें. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांस गेला होता, तो पुढें ८७ रुपयांवर आला; १८६८ सालीं ती बँकच मोडीत निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान व लोकहितदक्ष गृहस्थासही या सट्ट्यांत जबर ठोकर बसली. सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, यावरून शहराच्या स्मरणांत तें किती खोल रुतलें होतें हें दिसतें.

लोक लोभी झाले म्हणून बुडाले, असें सांगून मोकळें होणें सोपें आहे. परंतु लोभ सर्वकाळीं असतो. दिवाळीं सर्वकाळीं निघत नाहींत. बारकाईनें पाहिल्यास तीन गोष्टी आढळतात. पहिली, शेअर स्वतःच्या पैशानें नव्हे, तर कर्जानें घेतलेले होते. त्यामुळें भाव पुन्हां सुधारेपर्यंत थांबण्याची मुभा कोणासच उरली नाहीं. दुसरी, ज्यानें चार कंपन्यांत पैसा घातला त्यास आपण तो वांटून ठेवला असें वाटे. पण चारही कंपन्यांचें मूळ कापसाच्या एकाच भावांत होतें. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, पैसा लागण्याची तारीख ठरलेली होती, आणि बाजार कोणाची तारीख पाहून चालत नाहीं.

सट्ट्याच्या वाऱ्यासही न उभ्या राहणाऱ्या गृहस्थास ही तिसरी गोष्ट आपल्यास लागू नाहीं असें वाटेल. पण सेवानिवृत्तीचा दिवस हा तरी दुसरें काय आहे? तोही एक वायदाच. त्या दिवसापासून पगार बंद होतो व घरखर्च चालू राहतो. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेंत, लष्कर वगळतां, दाखल झालेल्यांस जुनें ठरीव पेन्शन न देतां बाजाराशीं निगडित योजना लावण्यांत आली. त्यामुळें हा प्रश्न पूर्वी निश्चिंत असलेल्या घरांतही शिरला.

मग शेअरांचें नांवच घेऊं नये काय? तसेंही नाहीं. १८६५ नंतर सावध झालेल्या मुंबईंत १८७४ सालीं ओरिएंटल विमा कंपनी निघाली. तिनें आपल्या नांवांतच ‘गव्हर्नमेंट सिक्युरिटी’ हे शब्द घातले. लोकांस काय हवें होतें, तें यांतून कळतें. परंतु पहिल्या महायुद्धांत महागाई भडकली, तेव्हां ठरीव व्याजाच्या सरकारी कागदांवर जगणाऱ्यांचेही हाल झाले. रुपये तितकेच आले. त्यांत धान्य मात्र कमी आलें. बुडण्याचें भय बाजारांत आहे, झिजण्याचें भय पेटींत आहे.

म्हणून विवेकी गृहस्थानें आपला पैसा गरजेच्या तारखेप्रमाणें वांटावा. जो वीस वर्षें लागणार नाहीं, त्यानें तेजी-मंदी सोसावी; त्यास तेवढा अवकाश आहे. जो पुढील चार-पांच वर्षांच्या घरखर्चाचा आहे, तो बाजार चढता असतांनाच काढून, व्याज थोडें कां येईना, सुरक्षित जागीं ठेवावा. कर्ज काढून शेअर तर कधींच घेऊं नयेत. १८६५ च्या जुलईंत जे तरले, ते सर्वच कांहीं मोठे हुशार होते असें नाहीं. त्या तारखेस त्यांस कोणाचें देणें नव्हतें, इतकेंच.