फीडसाक्षरता

फीडसाक्षरता : समाजमाध्यमांवर आपल्यापुढे काय वाढले जाते, ते कोण वाढते आणि आपल्या कुठल्या वागण्यावरून, हे ओळखून स्वतःला सांभाळण्याची समज. एखादा संस्कृतप्रचुर शब्द घडवता आला असता. पण पोरांच्या तोंडी ‘फीड’च आहे आणि नोंद त्यांच्यासाठी आहे. विवेचन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुका डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

फीड ज्या रीतीने लागते तिला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. ठरलेल्या पायऱ्यांनी काम उरकण्याची रीत, एवढाच त्याचा अर्थ. समाजमाध्यमांवर ही रीत प्रत्येक व्हिडिओबाबत अंदाज बांधते : हा माणूस इथे किती थांबेल? फेसबुकने न्यूज फीड २००६ मध्ये आणले. यूट्यूबने २०१२ मध्ये ‘किती वेळा उघडले’ यापेक्षा ‘किती वेळ पाहिले’ याला वजन दिले. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्टचा काळानुसार क्रम सोडला. टिकटॉकने तर ओळखपाळखही अनावश्यक ठरवली. कोणाला फॉलो न करताही फीड भरू लागले. भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली. जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स सुरू झाले. एक दुकान बंद झाले, तोच माल शेजारच्या दोन दुकानांत मिळू लागला.

थांबणे हे या बाजारातले मुख्य नाणे. आवडले म्हणून थांबलो की किळस आली म्हणून, हे यंत्राला फारसे कळत नाही, सेकंद कळतात. मारामारीचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघून खाली ‘काय हा घाणेरडेपणा’ असे लिहिले, तर बघणे आणि लिहिणे दोन्ही त्याच व्हिडिओच्या खात्यावर जमा होतात. पूर्वी सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणत. आता अंगठा हीच सही झाली आहे, आणि ती दिवसाकाठी शेकडो वेळा केली जाते.

मुलांना दिले जाणारे बहुतेक मार्गदर्शन ‘तुझा फोन, तुझे खाते’ असे गृहीत धरते. खेड्यात हे बसत नाही. ग्रामीण भारताच्या ‘असर’ २०२४ पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण त्यांपैकी स्वतःचा फोन असलेली १४व्या वर्षी २७ टक्के आणि १६व्या वर्षी सुमारे ३८ टक्केच. बाकीची घरातला फोन मागून घेतात. तालुक्यातल्या पिशोर किंवा नागदमधले असे एक घर कल्पावे. सकाळी वडील आल्याचे नि मक्याचे भाव बघतात, दुपारी आई चकलीची रेसिपी, रात्री गोधडीत शिरून मुलगा औट्रम घाटातल्या बाइकच्या रील. यंत्राच्या लेखी ही तीन माणसे नाहीत. तीन अंगठ्यांचा मिळून एकच माणूस आहे. वडिलांनी चवीने पाहिलेली भांडणे रात्री मुलापुढे येतात, मुलाच्या बाइक सकाळी भावांच्या मधे घुसतात. ‘पोराचा फोन तपासा’ हा सल्ला म्हणून अर्धाच. आधी बापाचा अंगठा तपासावा लागतो.

अफवेचे प्रकरण निराळे. जून २०१८ मध्ये शेजारच्या वैजापूर तालुक्यात, चांदगाव येथे, दरोडेखोर असल्याच्या संशयावरून जमावाने दोघांना ठार मारले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांचा जीव घेतला गेला. व्हॉट्सॲपवर तेव्हा मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. तिथे अल्गोरिदम नव्हता. फॉरवर्ड करणारी माणसेच होती. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. दोष सगळा यंत्राच्या माथी मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गावांनी शोधलेले उपाय धडाक्याचे आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. भोंगा बंदीपेक्षा शहाणा, कारण तो थोरांनाही लागू आहे. मात्र साडेआठनंतर तेच फीड वाट बघत असते.

ते बदलता येते. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली की मुखपृष्ठ जवळपास रिकामे होते. वर्गात करून दाखवावा असा हा प्रयोग आहे, मुले अवाक् होतात. इन्स्टाग्रामवर सुचवलेला मजकूर ‘रीसेट’ करता येतो. पितळखोऱ्याच्या धबधब्यावरची रील घरी परतल्यावर टाकावी, म्हणजे आपण त्या क्षणी कुठे आहोत हे अनोळखी माणसाला कळत नाही. ‘असर’मध्येच समाजमाध्यम वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होते, प्रोफाइल प्रायव्हेट करणे ५५ टक्क्यांना. फोटो पसरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत आणि घरातल्या एकाला तरी त्याच दिवशी सांगावे. मूल लाजेने गप्प बसते यावरच असा धंदा चालतो. चाइल्डलाइन १०९८, पैसे गेले असल्यास १९३०. अल्पवयीनांच्या नग्न छायाचित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा २०२३ पासून आहे : छायाचित्र फोनमध्येच राहते, त्याचा अंकीय ठसा तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो.

कायद्याच्या बाजूने, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानतो, पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमल टप्प्याटप्प्याने आहे. इन्स्टाग्रामने ‘टीन अकाउंट’ भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आणले : प्रोफाइल आपोआप प्रायव्हेट, अनोळखी मेसेजना आडकाठी, रात्री सूचना बंद. हे सारे मुख्यतः खात्यावर नोंदवलेल्या जन्मतारखेवर चालते. आणि गोधडीतल्या त्या फोनवरचे खाते वडिलांच्या जन्मतारखेचे असते.