मुंबईतील पर्यटनस्थळे आणि सार्वजनिक वाहतूक

मुंबई व परिसरातील तीनही जागतिक वारसा स्थळे खासगी वाहनाविना पाहता येतात. उपनगरी रेल्वे, बेस्टच्या बस, मेट्रो व प्रवासी नौका ही त्यासाठीची प्रमुख साधने होत.

मध्य रेल्वेचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे स्थानक स्वतःच वारसा स्थळ (२००४) आहे. पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट स्थानकापासून ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह पायी गाठता येतात. येथील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये हा दर्जा मिळाला. दोन्ही स्थानकांपासून गेटवे ऑफ इंडियाकडे बसने जाता येते. तेथून घारापुरी लेण्यांसाठी (१९८७, जि. रायगड) नौका सुटतात, प्रवासास सुमारे एक तास लागतो. खराब हवामानात ही सेवा बंद राहते.

कान्हेरी लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असून बोरिवली हे जवळचे स्थानक होय. घारापुरी व कान्हेरी लेणी सोमवारी बंद असतात.

लोकल गाड्यांना सकाळी दक्षिणेकडे, तर संध्याकाळी उत्तरेकडे जाताना मोठी गर्दी असते. त्यामुळे दक्षिण मुंबईत उतरलेल्या पर्यटकास सकाळी बोरिवलीकडे जाणे तुलनेने सुखकर ठरते.