निदान आणि औषध एकाच हाती

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यातल्या गावात आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, ते देशभर २०११ पासून लागू असलेल्या कार्यक्रमानुसार. या कार्यक्रमाचं मूळ १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग असलेल्या गडचिरोलीत आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये बालन्यूमोनियावर काम सुरू केलं. त्यातूनच अक्षरओळख नसलेल्या दाईलाही वापरता येईल असं श्वास मोजण्याचं साधन पुढे आलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातली मिनिटभराची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. तान्ह्याचा श्वास मुळातच जलद, म्हणून दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी मण्यांची ओळ वेगळी. या साधनाचं कौतुक पुष्कळ होतं. पण खरा बदल असा की रोग ओळखणारीच औषधही देत होती.

पुढे ‘सर्च’ने १९९५-९६ मध्ये ३९ गावांत केलेल्या नवजातांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज दिसली. ते मिळाले जेमतेम २.६ टक्क्यांना. म्हणजे आजार नुसता ओळखून बाळ वाचत नव्हतं. मग गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या आरोग्यदूत बायकांना बाळाला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुदोषावर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं शिकवलं. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणं धोक्याचं, हा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर वरच्या आकड्यांनी दिलं. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हेही खरं. पण शेजारच्या तुलनेच्या गावांत नवजात मृत्युदर तेवढा उतरला नाही. आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, मग घरभेटी कशाला, असंही विचारलं जातं. पण बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं आणि जंतुदोष त्यानंतरही गाठतो. देशव्यापी कार्यक्रमाने घरभेटी आणि वजनकाटा उचलला. इंजेक्शन मात्र आशाकडे न देता नर्सबाईकडे ठेवलं. सावधगिरी म्हणून ते समजण्यासारखं आहे. तरी दूध ओढेनासं झालेलं बाळ आशाने ओळखल्यावर नर्सबाई किंवा गाडी येईपर्यंतचा वेळ पुन्हा मोकळाच राहतो, आणि गडचिरोलीचा प्रयोग नेमका तोच वेळ भरून काढण्यासाठी होता.