प्रथम वर्षाचा उंबरठा : एक ऐतिहासिक आढावा

शाळेतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी का अडखळतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील विद्यापीठीय शिक्षणाइतकाच जुना आहे. त्यावर योजिलेल्या उपायांचे दोन प्रवाह दिसून येतात. एकाने शिक्षणाच्या वर्षांची फेरमांडणी केली. दुसऱ्याने विद्यार्थ्यास माणसांचा आधार दिला.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रारंभी त्याचे कार्य परीक्षा घेण्यापुरते असून अध्यापन महाविद्यालयांकडे होते. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी उच्च अभ्यासास सिद्ध झाला, असे गृहीत धरले जाई. तथापि इंग्रजीतून दिलेली व्याख्याने समजून घेणे आणि ग्रंथ स्वतः वाचून मत बनविणे, ही सवय परीक्षेने लागत नसते. ही उणीव काही अंशी दक्षिणा फेलोंनी भरून काढली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून ही पदे निर्माण झाली होती. कनिष्ठ फेलो असताना महादेव गोविंद रानडे यांस दरमहा ६० रुपये मिळत. स्वतःचा अभ्यास चालू ठेवून खालच्या वर्गांना शिकविणे हे फेलोंचे काम असे. ज्याने तो उंबरठा नुकताच ओलांडला आहे, असा शिक्षक नवागतास मिळे. मात्र विद्यार्थी थोडे आणि बहुतांशी परंपरेने विद्या असलेल्या घरांतील होते, हे विसरून चालणार नाही.

इतर समाजांतील मुले शिक्षणाकडे वळू लागताच अडचणीचे स्वरूप पालटले. राहण्याजेवणाची सोय आणि घरी नसलेले अभ्यासाचे वातावरण, हेच प्रथम निर्माण करणे प्राप्त झाले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून श्रम करीत शिकण्याचा मार्ग उच्च शिक्षणापर्यंत नेला. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ व १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय स्थापिले. औरंगाबादेतील हे महाविद्यालय पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले.

शासकीय विचार मात्र मुख्यतः वर्षांच्या गणिताभोवती फिरला. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली बारा वर्षांच्या पूर्वशिक्षणानंतरच विद्यापीठात प्रवेश द्यावा, असे सुचविले. मुदलियार आयोगाने १९५३ साली इंटरमीजिएटचा टप्पा रद्द करून पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा करण्याची शिफारस केली. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालानंतर १०+२+३ हा आकृतिबंध पुढे आला आणि महाराष्ट्रात १९७० नंतरच्या दशकात तो अमलात आला. उंबरठा अशा रीतीने पुढेमागे सरकला. तो ओलांडणाऱ्याची अडचण मात्र नाहीशी झाली नाही. राधाकृष्णन आयोगाने लहान गटांतील अध्यापनावरही भर दिला होता. परंतु वर्गांतील संख्या वाढत गेल्यामुळे ही सूचना बहुतेक ठिकाणी वेळापत्रकापुरती उरली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ हा नवागतांसाठीचा उपक्रम सुचविला. त्यात विद्यार्थ्याचा मार्गदर्शक अध्यापकाशी संबंध जोडण्यावर भर आहे. दक्षिणा फेलोंच्या काळी जे सहज घडत होते, ते आता योजनापूर्वक घडवावे लागते. त्या योजनेचे यश कार्यक्रमाच्या दिवसांवर नव्हे, तर ते दिवस संपल्यावर नवागताची शंका ऐकून घेणारा कोणी उरतो की नाही, यावर अवलंबून राहील.